बोट वर, हात खाली

४ मार्च, मंगळवार

पुन्हा फुंकर! माईक हातात आला की आधी फुंकर मारायची, हा एक रोग आहे. शिकलेल्यांना जास्त होतो. आज नागरिक समितीची सभा होती, शाळेच्या हॉलमध्ये. समितीच्या अध्यक्षांना मी मनातल्या मनात निषेधराव म्हणतो, कारण निषेध करण्यापलीकडे त्यांनी काही केलेलं मी बघितलेलं नाही. तर ते उठले, खाकरले, आणि फू! फू! माझ्या कानाला हेडफोन. पडदा फाटायचाच बाकी होता. बरं, फुंकर मारून कळतं काय? माईक चालू आहे हे? चालू आहे म्हणून तर मी तिथे बसलोय ना!

विषय भट्टीचा. वस्तीच्या कडेला जुन्या बॅटऱ्या वितळवून शिसं काढणारी भट्टी आहे. तिला सरकारचा एक जुना नियम आहे — वारा पडला की भट्टी बंद. वारा नसला की धूर वर जात नाही, गल्लीत उतरतो आणि मुक्काम ठोकतो. पाण्याच्या टाकीवर एक निशाण लावलंय. ते लोंबलं की भट्टी बंद, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आता हा नियम जाणार. नव्या भट्ट्या घरांच्या आणखी जवळ आणायलाही मोकळीक मिळणार. आणि कळस म्हणजे यापुढे लोकांची सुनावणी घ्यायचीच गरज नाही! त्याआधी एक शेवटची सुनावणी आहे, एकवीस तारखेला. म्हणजे तुम्हाला विचारणं बंद करू का, एवढं विचारायला बोलावलंय.

निषेधराव जे सुटले ते थांबेचनात. शेवटी सचिवबाईंनी मला बोट वर करून दाखवलं आणि मी मशीनवरची आवाजाची पट्टी खाली घेतली. हळूच. ही माझी खासियत. आवाज असा उतरवतो की बोलणाऱ्याला वाटावं, आपणच आपलं बोलणं संपवलं. निषेधराव चक्क "धन्यवाद" म्हणून बसले. बोट वर, हात खाली — मध्ये डोकं आणायचं नाही. म्हणून मी बोलणाऱ्याकडे कधी बघतच नाही, बोटाकडे बघतो. इतकी वर्षं धंदा टिकलाय तो यावर. माईक कोणाचाच नसतो.

समोर माणसं कमी, खुर्च्या जास्त. त्या माणसांत एक माझी बायको. वहीत काहीतरी टिपून घेत होती. मी विचारलं नाही.

६ मार्च

वारा पडलाय. निशाण लोंबतंय. भट्टी बंद. ही जिना न थांबता चढली, तेही हातात भाजीची पिशवी घेऊन.

९ मार्च, रविवार

ही दारोदार फिरतेय! बालवर्ग सुटला की चपला घालायच्या आणि निघायचं. सुनावणीला या. दोन शब्द बोला. बोलता येत नसेल तर नुसते बसा. आणि लेखी हरकत तरी द्याच, एकतीस तारखेपर्यंत घेणार आहेत. मी म्हटलं, पालथ्या घड्यावर पाणी. ऐकेल तर ना. आज मलाही बरोबर नेलं. जिने चढताना हिला हात लागतो, पण ते कबूल करायचं नाही, "सोबत या" म्हणायचं.

हिला दमा आहे. डॉक्टरीणबाईंनी तोंडावर सांगितलंय — वारा पडतो तेव्हा भट्टी बंद असते, म्हणून तुम्ही उभ्या आहात. आणि हिच्या बालवर्गातली पोरं म्हणजे छाती मुठीएवढी. त्यांच्या वतीनेही आपणच बोलायचं, असं हिने ठरवून टाकलंय.

लोकांची उत्तरं तर एकेक सोन्याने मढवावीत अशी. तळमजल्यावरचे हेडमास्तर म्हणाले, माझ्या एकट्याच्या जाण्याने काय होणार? असे एकटे मला आज सगळ्या इमारतीत भेटले. शिवणकामवाल्या बाई म्हणाल्या, सरकारने काही विचार करूनच ठरवलं असेल ना? अहो बाई, नियम केला तेव्हाही विचार करूनच केला होता! व्यायामशाळेवाल्याने विचारलं, तिथे पार्किंग आहे का? हा गडी रोज छाती फुगवतो, पण आत काय भरतोय याची चौकशी करत नाही. आणि समोरच्या काकू म्हणाल्या, धुराची आता सवय झालीय गं. असेल. खोकल्यालाही काकूंची सवय झालीय, सोडून जात नाही बिचारा. "बघू" म्हणणारे तर पैशाला पासरी. सगळे बघणारेच आहेत, बघायला कोणी ना करत नाही.

मी स्वतः कोणाला काही बोललो नाही. मी साउंडवाला. मला सगळीकडे माईक लावायचा असतो.

११ मार्च

आज भट्टीच्या आवारात कार्यक्रम. "नव्या धोरणाचं स्वागत." नियम अजून गेलेला नाही आणि यांचं स्वागत उरकलंसुद्धा. बाजारात तुरी! कामगारांना रांगेने बसवलं होतं, टाळ्या कधी वाजवायच्या ते मुकादम मान हलवून सांगत होता. भट्टीचा जनसंपर्कवाला, त्याला सगळे हसऱ्या म्हणतात, एवढं गोड बोलला की मला माईक पुसून घ्यावासा वाटला. म्हणे, "आम्हीही याच हवेत श्वास घेतो." बोलला, खाली उतरला, गाडीत बसला आणि काच वर केली.

घरी आलो. हिने ताट वाढलं. मग म्हणाली, "आवाज छान होता. इथपर्यंत आला."

मी म्हटलं, माझा धंदा आहे तो. माईक कोणाचाच नसतो.

"हो. धूरही कोणाचाच नसतो."

मग हात धुताना हिने सांगितलं की सुनावणीला मी यावं. मी म्हटलं, असणारच की, सरकारी काम बहुतेक मलाच मिळतंय. "माईकमागे नाही," ही म्हणाली. "खुर्चीत." मी म्हटलं, बघू.

१४ मार्च

आज घरातच तालीम. हिला बोलायला तीन मिनिटं मिळणार. कागदावर लिहून काढलंय, खोडलंय, परत लिहिलंय. घरात माईकचा ढीग आणि लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हिने आजवर एकही हातात घेतलेला नव्हता. मीच कधी दिला नव्हता, हे खरं तर.

शिकवलं. तोंडापासून एक मूठ लांब धरायचा. फुंकर मारायची नाही. टकटक करायचं नाही. बोलून झालं की आपटायचा नाही, बाळ झोपवल्यासारखा खाली ठेवायचा. ही हसली. म्हणाली, "तुम्हाला बाळांचं काय कळतं? ती आपटतातच."

मग हेडफोन कानाला लावला आणि म्हटलं, बोल. माझ्या मशीनवर हेडफोनात आवाज पट्टीच्या आधी येतो. पट्टी पूर्ण खाली केली, हॉलमध्ये काही ऐकू येईनासं झालं, तरी मला ऐकू येत राहतं. तर ही बोलायला लागली आणि माझ्या कानात दुसरं काहीच नाही. पंखा नाही, रस्ता नाही, शेजाऱ्यांचा टीव्ही नाही, नुसती ही. आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी छातीतली शिट्टी. बारीक. दाराच्या फटीतून वारा येतो तशी. एवढ्या वर्षांत एका पलंगावर झोपून ती मला ऐकू आली नव्हती.

घाबरलो. सरळ सांगतो, घाबरलो. ही म्हणाली, "कसं झालं?" मी म्हटलं, दोन वाक्यांच्या मध्ये थांब. भरपूर थांब. घाई नाही.

१७ मार्च

काम मलाच मिळालं. सरकारी खात्याचे साहेब आज हॉल बघायला आले. सुनावणी तेच चालवणार. बोलणं मोजकं, बुटांना चकाकी. सूचना दिल्या — माणशी तीन मिनिटं. मी बोट वर केलं की आवाज कमी. एकदम तोडायचा नाही, हळू उतरवायचा. उगाच आरडाओरडा नको. आणि वर म्हणाले, तुमचा हात मऊ आहे असं ऐकलंय.

बरं वाटलं! शाबासकी कोणाचीही असो, शेपूट हलतंच.

हिला सांगितलं नाही.

१९ मार्च

निषेधराव एकवीसला येणार नाहीत. "अपरिहार्य कारण." पाठिंबा मात्र संपूर्ण आहे म्हणे. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात!

२१ मार्च, शुक्रवार

सुनावणी झाली.

आधी हे लिहितो, कारण ते मान्य करायलाच हवं — माणसं आली. हेडमास्तर आले, काठी टेकत. शिवणकामवाल्या बाई टेप गळ्यात तशीच ठेवून आल्या. व्यायामशाळेवाला गाडी कुठेतरी लांब लावून चालत आला, घामाघूम. काकू आल्या, खोकल्यासकट. टेम्पोतून जास्तीच्या खुर्च्या काढाव्या लागल्या. काढताना माझा मलाच राग येत होता. नऊ तारखेला वर जे लिहिलंय ते खोडणार नाही. राहू दे, माझ्या तोंडावर मारायला.

ही दारात उभी राहून एकेकाला "या" म्हणत होती. मी माझ्या मशीनमागे, कोपऱ्यात. समोर एक खुर्ची तिने आपल्या शालीने अडवून ठेवली होती. कोणासाठी ते मला विचारायची गरज नव्हती.

पहिला हसऱ्या. चित्रं दाखवली, आकडे दाखवले, हिरवी झाडं दाखवली. भट्टीत झाड! बोलतच राहिला. साहेबांची बोटं बिस्किटांत अडकली होती, वर कशी येणार?

मग नागरिक. आता मात्र बोटाला पंख फुटले. हेडमास्तर आपल्या बायकोच्या शेवटच्या वर्षाबद्दल सांगत होते, बोट वर. मी उतरवला. मास्तर म्हणाले, "एवढंच बोलतो," आणि बसले. व्यायामशाळेवाला रंगात आला होता, बोट वर. उतरवला. तीन मिनिटं कुठली! पण मी घड्याळ बघत नाही, बोट बघतो. कोणाला काही कळलं नाही. इतकं सुबक काम माझ्या हातून क्वचितच झालं असेल.

मग ही.

मी तिच्याकडे बघितलं नाही. सवय. कानात मात्र तीच. एक मूठ अंतर, फुंकर नाही, सगळं शिकवल्याप्रमाणे. म्हणाली, "माझ्या वर्गातल्या मुलांना अजून अक्षरं येत नाहीत. पण टाकीवरचं निशाण वाचता येतं. ते लोंबलं की मुलं म्हणतात, बाई, आज भट्टी झोपली, आपण बाहेर खेळू या. तुम्ही हा नियम काढलात, तर त्यांना मी काय सांगू?" हॉल एकदम गप्प झाला. माझ्या धंद्यात अशी शांतता फार मिळत नाही.

आणि ती थांबली. श्वासासाठी. मीच सांगितलं होतं, भरपूर थांब म्हणून.

बोट वर झालं. हात खाली गेला.

साहेबांना वाटलं असेल की संपलं, किंवा त्यांनी संधी साधली असेल. माझ्या हाताने विचारलं नाही. हात गेला, बस. मग शिट्टी संपली आणि माझ्या कानात ही पुढे बोलायला लागली. फक्त माझ्या कानात —

"आमच्या घरात एक माणूस आहे. सगळ्यांचा आवाज मोठा करतो, स्वतः बोलत नाही. त्याच्या वाटचंही आज मीच बोलतेय."

हॉलमध्ये नुसते ओठ हलताना दिसले. पुढच्या रांगेत कोणीतरी कानामागे हात धरला. तिने माईककडे बघितलं. मी पट्टी वर ढकलली, एकदम ढकलली, कर्णा किंचाळला. तोवर तिने माईक टेबलावर ठेवला होता. बाळ झोपवल्यासारखा. अर्धा कागद तसाच हातात.

साहेब म्हणाले, पुढचे.

आणि मी पुढच्याचा आवाज लावून दिला! तेही लिहून ठेवतो. हेडफोन भिरकावला नाही, उठलो नाही. पुढच्याचा आवाज नीट लावून दिला.

२२ मार्च

ही माझी माफी मागतेय!

म्हणाली, "मीच माईक लांब धरला असेन. तुम्ही एवढं शिकवलंत आणि ऐन वेळी माझा आवाजच गेला." माझा हात मऊ आहे ना. बोलणाऱ्याला वाटलं पाहिजे की आपणच थांबलो. वाटलं तिला.

शब्द ओठांपर्यंत आला होता. त्याचीही पट्टी मीच खाली घेतली.

२४ मार्च, सोमवार

वारा पडलाय. निशाण लोंबतंय. भट्टी चालू!

आधी वाटलं, चूक झाली असेल. फाटकावर गेलो. पहारेकरी म्हणाला, दोन आठवडे चाचणी म्हणून सूट मिळालीय. हरकती घ्यायची मुदत अजून संपायची आहे आणि यांची चाचणी सुरू! लोकांनी तिकडे लिहीत बसायचं आणि यांनी इकडे धूर सोडायचा. आणि म्हणे सुनावणी. कुंपणच शेत खातंय.

बालवर्गाच्या खिडक्या दिवसभर बंद. आत पोरांचा खोकला, एकाचा थांबला की दुसऱ्याचा सुरू. एक मुलगी निशाणाकडे बोट दाखवून बाहेर जायचा हट्ट करत होती. हिने तिला काय सांगितलं माहीत नाही.

संध्याकाळी घरी येताना ही मधल्या पायरीवर बसली. "अहो, थांबा जरा." या जिन्यात आजवर हा शब्द तिने कधी काढला नव्हता. मी पिशवी खाली ठेवली आणि शेजारी बसलो. शिट्टी आता हेडफोनशिवायही ऐकू येते.

सांगायला यापेक्षा चांगली वेळ नव्हती. नाही सांगितलं. काकूंना हसत होतो मी, सवय झालीय म्हणतात म्हणून. गप्प बसायची सवय झालेल्या माणसाला काय म्हणायचं?

२६ मार्च

साहेबांच्या कचेरीतून फोन. साहेब खूश आहेत. खात्याचे सगळे कार्यक्रम यापुढे मलाच. मी विचारलं, सुनावण्याच राहणार नाहीत, मग माझं काय काम? पलीकडचा हसला. म्हणाला, उद्घाटनं असतात ना.

म्हटलं, जमणार नाही. हात दुखावलाय.

निषेधराव उगवले. वरातीमागून घोडं! समितीने सुनावणी कशी गाजवली, यावर भाषण ठेवायचं आहे म्हणाले. माईक मिळेल का? मी म्हटलं, रविवारी सकाळी आमच्या इमारतीखाली सभा आहे, श्रोते म्हणून या. ती सभा तेव्हाच, त्यांच्यासमोर उभा असतानाच ठरली. खुर्च्या माझ्या, माईक माझा, बोलावणंही माझं. लेखी हरकतींना सोमवारपर्यंत वेळ आहे. ज्यांची हरकत राहिलीय त्यांनी तिथेच बसून लिहायची, ज्यांनी दिलीय त्यांनी शेजाऱ्याला हाताला धरून आणायचं.

घरी सांगितलं. ही माझ्याकडे बघतच राहिली.

"बोलणार कोण?"

मी म्हटलं, बघू. आणि जीभ चावली.

३० मार्च, रविवार

अंगण भरलं. ही पहिल्या रांगेत. मशीनमागे कोणी नाही. पट्टी वर करून तिथेच सोडून आलो. माईक हातात घेतला आणि पहिलं काय केलं? फुंकर मारली! लोक हसले. मग बोललो. सुनावणीत माझ्या बायकोचा आवाज गेला नव्हता, मी तो बंद केला. मास्तरांचाही, तुमच्यातल्या सगळ्यांचा मीच. हॉलला ऐकू आलं नाही, मला सगळं ऐकू आलं.

ही उठली. वाटलं, चालली घरी. आली, माझ्या हातातून माईक घेतला, अर्धा उरलेला कागद उघडला, आणि जिथे मी तोडलं होतं तिथून पुढे बोलली, श्वास घेत, थांबत, शेवटपर्यंत. घरातल्या त्या माणसाबद्दलचं वाक्य तेवढं गाळलं.